कशाला पाहिजे ती कुकी तुला?

प्रिय दादा,

त्या शनिवारी पुण्याहून एसटीनं येऊन तुम्ही नुकते घरात टेकला होता, आणि मी रात्री साडेदहाला फोन करून तुम्हाला रंकाळा तलावावर बोलावलं. बॅग तशीच टाकून आलात. घरी सगळे जेवायला थांबले होते, हे मला नंतर कळलं. म्हणून आधी वहिनींची माफी, मग तुमचे आभार.

तीन दिवस मी एकाच जागी अडकलो होतो. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी गुळाच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) शेतकऱ्यांना मोबाइलवर दिसतील असं पोर्टल करत होतो. लॉगिन झालं की सर्व्हर सेशनची कुकी, म्हणजे ब्राउझरनं जपून ठेवायची ओळखचिठ्ठी, पाठवायचा. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये ती चिठ्ठी आणणारी सेट-कुकीची ओळ (हेडर) डोळ्यांसमोर, आणि कोडमध्ये फेचच्या (जावास्क्रिप्टमधून सर्व्हरला विचारायची सोय) उत्तरातून तीच ओळ मागितली की 'नल', म्हणजे काहीच नाही. पोस्टमन ह्या चाचणीच्या ॲपमध्ये मिळते, ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये मिळते, ब्राउझरमध्येच नाही. सर्व्हरवाल्या पोराशी मी दोनदा भांडलो. तो 'पाठवतोय की' म्हणायचा, आणि बिचारा खरंच पाठवत होता.

बाकावर लॅपटॉप उघडला तेव्हा बॅटरी १८ टक्के. तुम्ही कोडकडे बघितलंही नाही. "भावा, कशाला पाहिजे ती कुकी तुला?" मी म्हटलं, लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या कोडला वाचता येणाऱ्या कप्प्यात, ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टला जोडतो. "ते ब्राउझर करतोय. तू कशाला हमाली करतोस?"

सेट-कुकी फेचच्या नियमांतच जावास्क्रिप्टपासून लपवलेली आहे. कोणत्या ओळी कोडला दाखवायच्या ते सांगणाऱ्या एक्स्पोज-हेडर्समध्ये तिचं नाव घालूनही मिळत नाही (मी घालून बसलो होतो). वर कुकीला एचटीटीपीओन्लीची खूण, म्हणजे कोडमधून कुक्या वाचायच्या डॉक्युमेंट डॉट कुकीतही दिसणार नाही. मला हा उगाचचा आडमुठेपणा वाटला. तेव्हा तुम्ही माझ्याच पानावरच्या चित्रं सरकवणाऱ्या फुकटच्या स्लायडरच्या स्क्रिप्टवर बोट ठेवलंत. "तुला वाचता आली, तर ह्यालाबी येणार." चिठ्ठी तिच्या हाती लागली, की शेतकऱ्याच्या नावानं कुणीही आत. आणि ती स्क्रिप्ट कुठून उचलली होती, मलाच आठवेना.

खरी भानगड वेगळीच निघाली. पान एका डोमेनवर, एपीआय (माहिती देणारा सर्व्हरचा भाग) दुसऱ्यावर, आणि फेचला क्रेडेन्शियल्स 'इन्क्लूड', म्हणजे कुक्या धर, असं सांगितलेलंच नाही. त्यामुळे कुकी साठतच नव्हती. ते घातलं. सर्व्हरवाल्याला झोपेतून उठवून कोणत्या पत्त्यावरच्या पानाला उत्तर वाचू द्यायचं ते सांगणाऱ्या अलाउ-ओरिजिनमधली 'कुणीही' अशा अर्थाची चांदणी (*) काढायला लावली, तिथं आमचा नेमका पत्ता टाकला, कुक्यांना परवानगी देणारं अलाउ-क्रेडेन्शियल्स ट्रू केलं, कुकीला सेमसाइट नन (दुसऱ्या साइटवरूनही चालेल) आणि सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर) लावलं. क्रोममध्ये चाललं. शेठच्या मुलाच्या आयफोनवर मात्र नाही, कारण सफारी २०२० पासून थर्ड पार्टी, म्हणजे पानापेक्षा वेगळ्या साइटची, कुकी घेतच नाही. हे तुम्ही रंकाळ्यावरच बोलून दाखवलं होतं. सोमवारी एपीआय आमच्याच डोमेनच्या सबडोमेनवर आणला आणि सेमसाइट जास्त कडक अशा लॅक्सवर. शेतकऱ्याचं नाव दाखवायला 'मी कोण' असं विचारणारा एक पत्ता सर्व्हरवर केला. कुकी वाचायची गरजच उरली नाही.

लॉगआउटचं अडलं तेव्हा तुम्हाला फोन केला नाही. एचटीटीपीओन्ली कुकी कोडमधून पुसताही येत नाही, म्हणून सर्व्हरकडूनच त्याच नावाची, मॅक्स-एज (आयुष्य) शून्य असलेली कुकी पाठवली. पहिल्यांदा कुकीचा पाथ (साइटच्या कुठल्या भागासाठी ते) वेगळा पडला आणि जुनी तशीच राहिली. तासभर गेला, पण सापडलं. पुढच्या शनिवारी दाखवतो. शेठनी गुळाचा एक रवा (ढेप) दिलाय, तो घेऊन घरीच येतो, जेवणं झाल्यावर.

तुमचा,
रंकाळ्यावरचा तो पोरगा