हात पुढं करायचा की नाही?

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला, संकटकाळात मन कसं खंबीर ठेवावं हे सांगणारा लेख वाचला. माणसानं बाहेर आधार शोधू नये, सगळं बळ आपल्या आतच असतं, रोज पहाटे डोळे मिटून ते जागं करावं, असा त्याचा सारांश. लेख वाईट नाही. फक्त लेखकमहाशयांच्या घरात कधी पाणी शिरलेलं नसावं, असं वाचताना दोनदा वाटलं.

मी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत राहते, पंचगंगा नदीच्या बाजूच्या उतरत्या गल्लीत. ब्लाऊज आणि परकर शिवते, शाळा सुरू व्हायच्या दिवसांत युनिफॉर्म. आमच्याकडे जुलै लागला की लोक तब्येत विचारायच्या आधी 'किती फूट?' असं विचारतात. म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती. 39 ला इशारा, 43 ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. जुनी माणसं अजून 'मच्छिंद्री झाली का?' म्हणतात, म्हणजे पुलावरच्या खुणेला पाणी लागलं का. जामदार क्लबजवळ पाणी आलं की आम्ही गाद्या गुंडाळायला घेतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले असा मेसेज आला की मग बोलणंच थांबतं, नुसते हात चालतात.

2019 च्या ऑगस्टमध्ये मात्र सगळ्यांचा हिशोब चुकला. आदल्याच वर्षी आमचे मालक गेले होते. घरात मी एकटी. गिऱ्हाइकांची ब्लाऊजपिसं, मापांची वही आणि कागदपत्रांची पिशवी माळ्यावर टाकली, दाराला कुलूप लावलं. मशीन खालीच राहिली. लोखंडाला काय होतंय, असा विचार केला. पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद पडला, शहरात दूध नाही, पेट्रोल नाही. आणि चहूकडं पाणी असताना नळाला पाणी नाही, ही त्यातली गंमत.

निवारा केंद्रात दुसऱ्या दिवशी एका गावातून टेम्पो आला. भाकरी, खर्डा, कांदा. सगळे उठले, मी बसून राहिले. आयुष्यभर कुणापुढं हात पसरला नाही याचा मला फार अभिमान होता. मालक गेल्यावर भावानं पैसे देऊ केले, तेही मी घेतले नव्हते. भाकरी वाटणारी बाई माझ्यापेक्षा धाकटी असेल. माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "घ्या की ओ आक्का. आज आमी देतोय, उद्या आमच्यावर आली तर तुमी देशीला का न्हाई?" मी घेतली. डोळ्यांतनं पाणी आलं ते खर्ड्यानं आलं, असं तेव्हा शेजारणीला सांगितलं होतं. आज छापायला हरकत नाही, खर्डा काही इतका तिखट नव्हता.

त्या रात्री मला शाळेतलं ब्रीदवाक्य आठवत होतं. मी रयत शिक्षण संस्थेची विद्यार्थिनी. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद.' ही संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले आपल्या कुंभोजला. स्वावलंबन हा शब्द बहुजनांच्या घरात त्यांच्याइतका कुणी नेला नसेल. बोर्डिंगातली मुलं हातानं राबायची, स्वयंपाक करायची. पण त्याच बोर्डिंगासाठी मुष्टिफंड होता, घरोघरच्या बायका मूठ मूठ धान्य बाजूला काढायच्या. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. शाळेत दरवर्षी हे ऐकलं होतं. पण मुठीतलं धान्य घेणं आणि स्वावलंबन शिकवणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कशा जमल्या, हा प्रश्न मला बाकावर बसून कधी पडला नाही. तो निवारा केंद्रातल्या सतरंजीवर पडला. आपल्या लेखकमहाशयांनी तो जरूर सोडवून बघावा.

पाणी उतरल्यावर घरी आले. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी बघितलेलं नाही त्यांना सांगून वास कळणार नाही. ढोपरभर गाळ. मशीनचं टेबल फुगून फाटलेलं, चाक जाम. मी उंबऱ्यावर बसले ते दुपारपर्यंत. आत बळ शोधलं म्हणाल तर काही सापडलं नाही. तालमीची पोरं फावडी घेऊन आली, 'मावशी, जरा बाजूला बसा' म्हणाली आणि न विचारता गाळ ओढायला लागली. संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतली एक गिऱ्हाईक चिखलातनं आली. मला वाटलं विचारपूस करेल. ती म्हणाली, "माझं हिरवं पीस भिजलं का वं?" राग आला. मग माळ्यावर चढून बघितलं तर पीस कोरडं. "गणपतीला लागतंय," म्हणाली. गणपती तोंडावर आले होते. तिकडं शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मूर्तींचं काय झालं असेल, या विचारानं सगळ्यांच्याच पोटात गोळा होता आणि हिला ब्लाऊज हवा होता. खरं सांगते, मी उठले ती त्या रागानं उठले.

मशीनच्या मिस्त्रींना फोन केला. त्यांच्यापुढं मशीनींची रांग, पंधरा दिवस तरी लागतील म्हणाले. मग फोनवरच सांगायला लागले, "आक्का, खालचे दोन स्क्रू ढिले करा, हेड उचलून घ्या. आधी स्वच्छ पाण्यानं चिखल काढा, उन्हात वाळवा, मग तेल. चाक फिरंना झालं तर जोर लावू नका, तेल सोडून रात्रभर ठेवा." बत्तीस वर्षं मी मशीन चालवली होती, पण उघडली कधी नव्हती. ते काम मालकांचं. शटल काढलं, बॉबिन केस काढली, दातांखालचा गाळ सुईनं उकरला. प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवला, कारण कुठला कुठं बसतो ते ध्यानात राहीना. घरातल्या वाट्या संपल्या तेव्हा शेजारच्या वहिनींच्या आणल्या. ऊन कुठलं म्हणा त्या आठवड्यात. पंख्याखाली वाळवली, तोही मागून आणलेला. तिसऱ्या दिवशी चाक फिरलं. चिंधीवर पहिली टीप पडली ती वाकडी होती, पण पडली. हिरवा ब्लाऊज गणपतीआधी गेला. तिनं पैसे देताना घासाघीस केली, तेही बरं वाटलं.

पंचनाम्याच्या रांगेविषयी इथं लिहीत नाही, त्याला वेगळं पत्र लागेल.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा 55 च्या वर गेलं, वर कोरोना. त्या वेळी मी पाणी गल्लीच्या तोंडाला यायच्या आत हेड उतरवलं, तेल लावलं, जुन्या लुगड्यात बांधलं आणि माळ्यावर चढवलं. उतरवायला दहा मिनिटं लागली. चढवायला मात्र दोन माणसं लागतात, ते एकटीचं काम नाही. निवारा केंद्रात या वेळी मी भाकऱ्या वाटायला उभी होते. एक म्हातारे गृहस्थ भिंतीकडं तोंड करून बसले होते, घेत नव्हते. मी काही समजवायला गेले नाही. ताट ठेवलं आणि शेजारी बसून माझं जेवण सुरू केलं. थोड्या वेळानं त्यांनी भाकरी मोडली.

आपणास विनंती एवढीच, की मन खंबीर करणारे लेख जरूर छापा, पण मे महिन्यात एक पान आम्हालाही द्या. शिलाई मशीन, गिरणी, फ्रीज, पाण्याची मोटर पुराआधी कशी उतरवायची आणि नंतर कशी वाळवायची, बुडालेली वायरिंग कुणाला दाखवल्याशिवाय बटण का दाबायचं नाही, हे त्या त्या मिस्त्रींना विचारून छापा. मी कात्रण काढून भिंतीला लावीन, माळ्याच्या उंचीवर.

हे पत्र लिहीत असतानाच तालमीतल्या एका पोराचा फोन आला. "मावशी, यंदा मशीन वर चढवायला कधी येऊ?" म्हटलं, 39 ला ये. आणि येताना कुणाला तरी बरोबर आण, मागच्या वेळी तू एकट्यानंच उचलायला गेलास आणि पाठ धरून बसलास.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर