ढकलत आणलेली फटफटी

प्रिय बंड्या,

फोनवर सांगणार होतो पण तू मधे बोलायलाच देत नाहीस, म्हणून हे पत्र. परवा झोप येईना म्हणून १९३५ चा एक ब्रिटिश पिक्चर लावला, 'नो लिमिट', आणि अर्ध्या तासात आई उठून आली, म्हणे आवाज कमी कर. पिक्चरचा नाही रे, माझ्या हसण्याचा!

हिरो जॉर्ज फॉर्मबी. विगन गावातला, धुराडी साफ करणाऱ्याच्या हाताखालचा पोऱ्या, घरीच जोडलेली फटफटी घेऊन आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी नावाच्या मोटरसायकल रेसला निघतो. ही रेस खरीखुरी बरं का, एक राउंड साठेक किलोमीटरचा, गावातून, डोंगरातून. ट्रायलला ब्रेकच लागत नाहीत आणि थांबता येत नाही म्हणून साहेब रेकॉर्ड मोडून बसतात!

दिसायला बावळट, पुढं आलेले दात, पण हातात बँजोलेली (बँजो आणि युकुलेली मिळून केलेलं छोटं तंतुवाद्य) आली की उजव्या हाताची बोटं दिसेनाशी होतात. तीनदा मागे घेऊन बघितलं, तरी कळलं नाही. नोटेशनबिटेशन त्याला वाचता येत नव्हतं म्हणे. मला सारखे दादा कोंडके आठवत होते, तोच भोळा चेहरा आणि तोच चावटपणा. पुढच्याच वर्षी खिडक्या पुसणाऱ्यावर गाणं केलं तर बीबीसीनं ते वाजवायचंच बंद केलं.

बायको बेरिल मात्र जबर. सगळे व्यवहार तिच्याकडे, शूटिंगला हिरॉइनवर डोळा ठेवून बसायची. आधी मला राग आला तिचा. मग वाचलं की १९४६ मधे दक्षिण आफ्रिकेत दोघांनी फक्त गोऱ्यांसाठीच्या थिएटरात कार्यक्रम करायला नकार दिला, आणि तिथला पुढारी मालान फोनवर दमात घ्यायला लागला तर तिनं त्याला सरळ शिवी हासडली असं सांगतात. गेला राग.

शेवटी रेसमधे फिनिश लाइनच्या अलीकडेच गडी आडवा होतो आणि गाडी ढकलत ढकलत नेऊन जिंकतो. ते बघताना हसूच थांबलं लेका. कात्रजच्या घाटात तुझ्या काकांची फटफटी, पाऊस, तू हँडलवर आणि मागून मी एकटा ढकलतोय, वर "जोर लाव की" म्हणून तूच ओरडतोयस! काकांनी ती अजून ठेवलीय का भंगारात दिली?

तुझा,
पक्या