झाडाची उंची नको, मुळं तपासा : पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
प्रत : मा. मंत्री, नगरविकास विभाग

विषय : घरांच्या आणि सोसायट्यांच्या आवारात स्थानिक झाडे लागावीत व जगावीत यासाठी रोपांची उंची, खरेदीची वेळ आणि उघडी जमीन यांबाबतच्या अटी बदलणे

महोदय,

सप्रेम नमस्कार.

१९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, ती बरीचशी स्वागतार्ह होती. पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावण्याची आणि त्यांची सात वर्षे निगा राखण्याची जबाबदारी आली. पण त्याबरोबरच आणखी एक अट आली, की लावायचे रोप सहा ते आठ फूट उंच हवे. हेतू उघड आहे. मोठे रोप गुरांच्या तोंडून वाचते आणि पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला दिसते. मात्र शहरांतल्या आवारांमधून स्थानिक झाडे हद्दपार होण्यामागे या अटीचा वाटा मोठा आहे, म्हणून हे पत्र.

आठ फुटांची उंची झटपट कोण गाठते? काशीद, पेल्टोफोरम, गुलमोहर, सुबाभूळ, गिरिपुष्प. यातले एकही आपले नाही. मेडशिंगी, बिबळा, कुंभा, सीता अशोक यांना रोपवाटिकेच्या पिशवीत तेवढे वाढायला कित्येक वर्षे लागतात, आणि इतकी वर्षे पिशवीत काढलेले झाड आतून बिघडलेले असते. सोटमूळ तळाला टेकले की वळते, बाजूची मुळे पिशवीच्या कडेने जिलबीसारखी फिरत राहतात. वरून पाने हिरवीगार असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. लावल्यावरही ती वळलेली मुळे सरळ होत नाहीत. उलट जाड होत जातात आणि काही वर्षांनी एकमेकांनाच आवळतात. मग वळवाच्या पहिल्या वाऱ्यात झाड आडवे होते. उन्मळून पडलेल्या अशा झाडाच्या बुडाशी पाहिले, तर मुळांचा गठ्ठा मूळच्या पिशवीच्याच मापाचा असतो.

बाहेरच्या राज्यांतून ट्रकने येणाऱ्या मोठ्या रोपांची तऱ्हा आणखी वेगळी. ती चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात येतात. मुरमाड किंवा काळ्या जमिनीत खड्डा घेऊन हा गोळा तसाच ठेवला की दोन मातींच्या सांध्यावर पाणी अडते. पाइप लावला तर पाणी गोळ्याच्या कडेने खाली निघून जाते. खड्डा ओला आणि गोळा मात्र आत कोरडा ठणठणीत. माळी म्हणतो, रोज पाणी घालतोय. तो खोटे बोलत नसतो, आणि झाड तरीही मेलेले असते. यावर उपाय आहे. लावण्याआधी गोळा तासभर पाण्यात भिजवावा, कडेची दोनेक इंच माती हाताने मोकळी करावी, गोल फिरलेली मुळे धारदार कात्रीने तीन-चार ठिकाणी कापावीत. पण ठेकेदाराने दिवसाला शंभर झाडे लावायची असली, तर यासाठी कोण थांबणार?

म्हणून पहिली मागणी. उंचीची अट काढून मुळांची अट घाला. दोन ते चार फूट उंच, बुडाशी पेन्सिलीपेक्षा जाड, आधाराशिवाय उभे राहणारे आणि पिशवीत दीड वर्षापेक्षा जास्त न राहिलेले रोप चालेल, असे लिहा. दर पन्नास रोपांमागे एक पिशवी पंचांसमोर फाडा. मुळे गोल फिरलेली निघाली तर सगळा माल परत. गुरांची भीती असेल तिथे जाळी लावा, मात्र ती कधी काढायची हेही ठेक्यात लिहा. लोखंडी जाळीत खोड रुतलेली झाडे कुठल्याही शहरात दिसतात.

दुसरी गोष्ट वेळेची. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी अशी चढती उद्दिष्टे घेऊन वृक्षलागवड केली. आकड्यांवर वाद घालण्याची आमची इच्छा नाही. पण उन्हाळ्यात निविदा काढून पावसाळ्यात रोपे मागितली की रोपवाटिकेत जे तयार असेल तेच मिळणार, आणि रोपवाटिकावाला हमखास खपेल तेच तयार ठेवणार. स्थानिक झाडांचे बी आपल्या वेळापत्रकाला जुमानत नाही. कडुनिंबाच्या निंबोळ्या पावसाच्या तोंडावर पिकतात आणि त्यांची उगवणशक्ती दोन-तीन आठवड्यांत ओसरते. सीता अशोकाचे बी वाळले की गेलेच, ते ताजेच पेरावे लागते. बहाव्याचे उलट आहे. त्याचे बी वर्षानुवर्षे टिकते, पण कवच इतके कठीण असते की पॉलिश पेपरवर घासल्याशिवाय किंवा कढत पाण्यात टाकून रात्रभर भिजवल्याशिवाय बरेचसे बी उगवतच नाही. हे न करता पेरायचे आणि मग 'बहावा उगवत नाही' म्हणून काशीदाकडे वळायचे, असे सर्रास चालते.

तेव्हा महापालिका आणि नगरपालिकांना दोन वर्षे आधी मागणी नोंदवायला लावा. २०२८ च्या पावसाळ्यात लागणाऱ्या रोपांचे बी २०२६ मध्ये गोळा व्हायला हवे. मागणीपत्रात जातीचे शास्त्रीय नाव असलेच पाहिजे. नुसते 'अशोक' लिहिले की उंच, सरळसोट खोटा अशोक येतो. सीता अशोक हे त्याच्या कुळातलेसुद्धा झाड नव्हे.

आता आवारात लावायचे काय? राज्यभरासाठी एकच यादी काढू नका, एवढी कळकळीची विनंती. ताम्हण हे आपले राज्यफूल आहे, म्हणून ते सगळीकडे लावण्याचा उत्साह असतो. पण हे झाड ओढ्याकाठचे, ओलाव्याचे. मराठवाड्यातल्या उथळ मुरमावर ते उन्हाळ्यात पाणी मागत राहते आणि खुरटते. तिथे आपटा, पळस, मेडशिंगी, हिवर, बोर ही मंडळी मजेत जगतात. कोकणात जांभ्यावर उंडी, सुरंगी, बकुळ, कोकम. पूर्व विदर्भात मोह, चारोळी, तेंदू, ऐन. तालुक्याची माती आणि पाऊस पाहून जिल्ह्याला दोन-तीन याद्या पुरतील.

झाड स्थानिक आहे म्हणून भिंतीला चिकटून लावावे, असेही नाही. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक इमारतीपासून आणि ड्रेनेजच्या लाइनपासून निदान दहा मीटर लांब हवेत. लहान आवारात ते नकोतच. बहावा, सीता अशोक, बकुळ यांना पाच मीटर द्यावेत. तीन मीटरच जागा असेल तर पारिजातक, आपटा, कुडा. वरून विजेच्या तारा जात असतील तर निर्गुडी, करवंद, अडुळसा, धायटी अशी झुडपे. कुंपणाला करवंद आणि कोरांटी लावली तर काटेरी तारेची गरज उरत नाही. जाळीवर चढवायला बोगनवेलीऐवजी गुळवेल किंवा माधवीलता आहे. आणि एकच जात रांगेने लावू नये. सप्तपर्णी अस्सल देशी झाड, पण रस्तेच्या रस्ते तिचेच केल्यावर तिच्या बहरात संध्याकाळी उग्र वासाने लोक हैराण होतात आणि दोष मात्र झाडाला देतात. एका आवारात कोणतीही जात एकूण झाडांच्या पंधरा-वीस टक्क्यांवर नको.

मियावाकी या दाट लागवडीच्या जपानी पद्धतीबद्दलही दोन शब्द. चौरस मीटरला तीन-चार रोपे लावण्याची ही पद्धत दाट जंगलाच्या प्रदेशातून आली. दख्खनच्या उथळ जमिनीवर मूळचीच विरळ झाडे आणि गवत असते. तिथे इतकी गर्दी केली तर झाडे काठीसारखी उंच जातात आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी एकमेकांशी भांडतात. सोसायटीच्या कोपऱ्यात तर ती नकोच.

लॉनचा हिशेब मात्र कागदावर मांडूनच पाहावा. फेब्रुवारी ते मे या काळात शंभर चौरस मीटर लॉन हिरवे ठेवायला चौरस मीटरला रोज सुमारे पाच लिटर धरा. दिवसाला पाचशे लिटर, चार महिन्यांत साठ हजार. म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. दुसऱ्या बाजूला, सातशे मिलिमीटर पावसाच्या गावात शंभर चौरस मीटर छतावरून, वीस टक्के वाया गेले असे धरून, वर्षभरात मिळतात छप्पन्न हजार लिटर. मोठ्या इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे करायचे आणि तेवढेच पाणी लॉनवर ओतू द्यायचे, हे गणित कसे जुळणार? मुलांना खेळायला लागेल तेवढे लॉन ठेवावे. बाकी जागेत मारवेल, पवना यांसारखी गवते लावून बी पडल्यावर वर्षातून एकदा कापावीत. ती जानेवारीनंतर पिवळी पडतात, आणि लगेच कमिटीकडे तक्रार येते की बाग वाळली. वाळलेली नसते. आपल्या माळरानाचा तो नेहमीचा उन्हाळी रंग आहे.

नव्या झाडाला पाणी द्यायचे ते रोज थोडे नव्हे, आठवड्यातून एकदा भरपूर. पहिल्या उन्हाळ्यात दर सात-आठ दिवसांनी पंधरा लिटर, दुसऱ्यात पंधरा दिवसांनी, तिसऱ्यात महिन्याने. हलक्या मुरमात थोडे लवकर. आळे बुंध्याशी नको, पानांच्या घेराखाली हवे. आळ्यात तीन-चार इंच पालापाचोळा पसरावा, खोडापासून वीतभर मोकळे सोडून. तोच पाला आज जाळला जातो, आणि घनकचऱ्याच्या नियमांनी उघड्यावर जाळायला बंदी असूनही जाळला जातो.

पेव्हर ब्लॉकचा प्रश्न तर थेट शासनाच्या अखत्यारीत सुटण्यासारखा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे काँक्रीट एक मीटरपर्यंत काढायला सांगितले. आपल्याकडे बुंध्याला भिडेपर्यंत ब्लॉक बसवतात, खोडाला चुना-गेरू लावतात आणि सुशोभीकरण झाले म्हणतात. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेत दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. त्या जागेपैकी निम्मी तरी उघडी माती असावी, खाली तळघर नसावे, अशी अट घाला. भोगवटा प्रमाणपत्राच्या दिवशी झाडे मोजून भागत नाही, कारण त्या दिवशी सगळीच जिवंत असतात. बिल्डरकडून अनामत रक्कम घ्या आणि तीन उन्हाळे गेल्यावर झाडे मोजूनच ती परत द्या.

कीटकनाशकांच्या फवारणीविषयीही मार्गदर्शक सूचना हव्यात. बहाव्यावर पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या येतात, आठवड्यात पाने फस्त करतात आणि काही दिवसांत झाड पुन्हा पालवते. कढीपत्त्यावरच्या कॉमन मॉरमॉन या फुलपाखराच्या लहान अळ्या पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या दिसतात. किळस येऊन लोक फवारणीवाल्याला बोलावतात. आपल्या राज्याने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केले. त्याच्या अळ्यांना लिंबू वर्गातली झाडे, माकडलिंबू यांची पाने लागतात. वटवट्या, नाचण हे पक्षी पिलांना अळ्या-किडेच भरवतात. आवारात सरसकट वार्षिक फवारणीचे कंत्राट असले, तर स्थानिक झाडे लावूनही ती नुसती शोभेची उरतात.

शेवटी, सरकारी पैशातून काय विकत घ्यायचे नाही याचीही यादी करा. दुभाजकांवर आणि उद्यानांत सर्रास लावले जाणारे पिवळ्या फुलांचे वेडेलिया, तसेच टणटणी, सुबाभूळ आणि पिचकारीचे झाड ही चारही जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहेत. कॉसमॉस बागेतून सुटून टेकड्यांवर पसरला आहे. उभी झाडे तोडा असे आम्ही म्हणत नाही. जुन्या गुलमोहराची सावली सावलीच आहे, तो त्याच्या वयाने जाईल. नवीन लावणे तेवढे थांबवा.

यातल्या बहुतेक सुधारणा शासन निर्णयाने होतील असे आम्हाला वाटते. उंचीच्या अटीसाठी कायद्यात किंवा नियमांत बदल लागेल, तो प्रस्ताव नगरविकास विभागाबरोबर लगेच हाती घ्यावा. जिल्हावार याद्यांचे काम मात्र त्यासाठी थांबवू नये. याद्या मार्चपर्यंत निघाल्या, तर एप्रिल-मेमध्ये पळसाच्या शेंगा आणि जूनमध्ये निंबोळ्या गोळा करण्याचे आदेश रोपवाटिकांना वेळेत देता येतील.

आपले,
आवारांत स्थानिक झाडे लावणारे आणि त्यांची रोपे तयार करणारे काही नागरिक