तर्कशास्त्राच्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

आमची दोन्ही मुलं शाळेत न जाता घरीच शिकतात. बाकीचे विषय आम्ही दोघं रेटत होतो, पण तर्कशास्त्र आमच्या आवाक्यातलं नव्हतं. आयुष्यभर अकरावी-बारावीला तो विषय शिकवून निवृत्त झालेले तुम्ही दर गुरुवारी आमच्याकडे येऊ लागलात.

सुरुवातीला तुम्ही पुस्तक उघडलंच नाही. मुलांना गुऱ्हाळावर नेलंत. चिमणीचा धूर लांबूनच दिसत होता. "आत चुलवाण पेटलंय, हे न बघता कशावरून म्हणता?" प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन हे न्यायदर्शनाचे, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राचे, पाच अवयव (अनुमान मांडायच्या पाच पायऱ्या) मुलांना त्या धुरातून कळले. मग तुम्ही उलटं विचारलंत, "जिथं अग्नी, तिथं धूर असतोच?" दोघंही हो म्हणाली. तुम्ही काही बोलला नाहीत. पुढच्या गुरुवारी उद्यमनगरात नेऊन लालबुंद तापलेलं लोखंड दाखवलंत. धग होती, धूर नव्हता. जुन्या नैयायिकांनीही तापलेल्या लोखंडी गोळ्याचंच उदाहरण दिलंय, हे नंतर सांगितलंत. धाकट्याचा चेहरा मला अजून आठवतो.

गेल्या पावसाळ्यात मोबाईलवर मेसेज आला : राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, आता कोल्हापूर शहरात पूर येणारच. मी सामान माळ्यावर टाकायला लागले. थोरली म्हणाली, "आई, थांब. ते दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की उघडतात. पूर न आलेल्या वर्षीही उघडलेत. मग हा हेतू व्यभिचारी झाला, म्हणजे हे कारण दिसलं तरी पूर येतोच असं नाही." मला तिचा फार अभिमान वाटला. तुम्हाला फोन केला, तर तुम्ही तिलाच विचारलंत, "म्हणजे पूर येणार नाही, हे सिद्ध झालं का गं?"

ती गप्प झाली. मग पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत बसली. इशारा 39 फुटांवर, धोका 43 वर. दर दोन तासांनी वहीत आकडा लिहायची आणि "अजून सांगता येत नाही" म्हणायची. पंधरा वर्षांच्या पोरीनं असं म्हणणं किती अवघड असतं, हे आईलाच माहीत. सर, त्या एका वाक्यासाठी मी तुमची ऋणी आहे.

तुम्ही फी घेतली नाहीत. यंदाच्या पहिल्या काकवीची बरणी धाकटा घेऊन येईल, ती तरी परत पाठवू नका.

तुमची,
दोघांची आई