मंदारला पत्र

माटुंगा, मुंबई
१८ जुलै

प्रिय मंदार,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आज मात्र सांगण्यासारखं घडलंय.

झवेरी बाजारात मामांच्या पेढीवर तू ओपलचा खडा दाखवला होतास, आठवतं? हलवला की हिरव्याचा निळा व्हायचा. त्यात रंगद्रव्य नव्हतंच. सिलिकाचे, म्हणजे वाळूत असतं त्याच पदार्थाचे, एकसारखे बारीक गोळे थरांनी रचलेले असतात, त्यांवरून उजेड परततो तोच रंग. हे १९६४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलं. मी तेच पॉलिस्टायरिन या प्लास्टिकच्या गोळ्यांनी करतोय. एकेक गोळा २२० नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत तीनशे ओळीने बसतील.

ते रचतं कोण? पाणी. गोळे मिसळलेल्या दुधट पाण्यात काच उभी करायची, ६५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायची. काचेला टेकलेल्या कडेवरून पाणी भरभर उडतं, मागचं पाणी तिथे धावतं आणि गोळ्यांना सोबत नेतं. सुकत आलं की मधला ओलावा त्यांना एकमेकांकडे खेचतो. (आधी बीकर टेबलावरच ठेवला होता. आषाढातली आपली हवा! पाणी हलेचना.)

तीन महिने भेगांनी रडवलं रे. ओलावा गेला की थर आकसतो, पण खालून काचेला चिकटलेला, मग तडकतो. शेवटी २०१० साली हार्वर्डच्या मंडळींनी मांडलेली युक्ती केली: सिलिकाचं द्रावण सुरुवातीलाच त्या पाण्यात घातलं. गोळे कितीही दाटीने बसले तरी २६ टक्के जागा मोकळी राहते. रचना होत असतानाच सिलिका तिथे भरते आणि सगळं धरून ठेवते.

आज सकाळी काच बाहेर काढली. वरच्या कडेला पांढुरकी रेघ, खाली बोटभर हिरवं, अगदी कोवळ्या भाताच्या रोपासारखं. तिरकी केली, निळी झाली. सूक्ष्मदर्शकाखाली भेग शोधत राहिलो, त्या भागात एकही सापडली नाही. मंदार, हात थरथरत होते माझे.

उद्या काच ५०० अंशांवर भाजायची. पॉलिस्टायरिन जळून जाईल, सिलिकाची जाळी उरेल आणि रंग जांभळ्याकडे सरकेल. म्हणून भाजण्याआधी एक तुकडा कापून डबीत ठेवलाय, हिरवाच. तो तुझा. गणपतीत आलास की मामांच्या खड्याशेजारी ठेवून बघू.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विनय