फुन्मिलायोबद्दल, सविस्तर

प्रिय सुनंदा,

त्या दिवशी फोनवर फुन्मिलायो रॅन्सम-कुटीचं नाव काढलं आणि बोलणं अर्धवटच राहिलं. गायक फेला कुटी तुला माहीत आहे, त्याची ही आई. पण तिची ओळख मुलावरून करून द्यावी लागते, हेच मला खटकतं.

जन्म १९०० चा, नायजेरियातल्या अबेओकुटाचा. तिथल्या ग्रामर स्कूलची ती पहिली विद्यार्थिनी. पुढे इंग्लंडला शिकून आली, शिक्षिका झाली. तिने काढलेल्या महिला मंडळात सुरुवातीला तिच्यासारख्याच शिकल्या-सवरलेल्या ख्रिस्ती घरांतल्या बायका होत्या. मग १९४० नंतरच्या काळात बाजारात माल विकणाऱ्या बायका तिच्याकडे अक्षरं गिरवायला येऊ लागल्या. युद्धाच्या नावाखाली आपला तांदूळ कसा जप्त होतो, हे तिला त्यांच्याच तोंडून कळलं. वर बायकांवर वेगळा कर. तो भरायचा, पण मताचा अधिकार नाही आणि कारभारात एकही बाई नाही!

१९४६ मध्ये मंडळाचं ‘अबेओकुटा विमेन्स युनियन’ झालं आणि बाजारातल्या हजारो बायका त्यात आल्या. मला सगळ्यात भिडतं ते पुढचं. तिने इंग्रजी पोशाख सोडला आणि त्या बायकांसारखी तिथल्या योरुबा समाजाची वस्त्रं नेसू लागली. इंग्रजी उत्तम येत असूनही गोऱ्या अधिकाऱ्यांशी योरुबातच बोलायची. दुभाषा शोधायचा तो त्यांनी. मोर्चाला परवानगी नाकारली, तर ‘सहल’ म्हणून बायका जमवायची. अश्रुधुराची नळकांडी उचलून परत कशी फेकायची, हेसुद्धा तिने त्यांना शिकवलं होतं गं!

इंग्रजांच्या पाठिंब्यावर राज्य करणाऱ्या अलाके दुसरा अडेमोला या राजाच्या वाड्यासमोर या बायका ठाण मांडून बसत, त्याच्यावर गाणी रचून म्हणत. १९४८ मध्ये बायकांवरचा कर थांबला. जानेवारी १९४९ मध्ये राजाने गादी सोडली. पुढे तो परत आला हे खरं, पण भाजी-तांदूळ विकणाऱ्या बायकांनी राजा गादीवरून उतरवला, हे काही पुसलं जात नाही.

१९४७ मध्ये ती राष्ट्रीय नेत्यांच्या शिष्टमंडळातून लंडनला गेली, त्यात ती एकटीच बाई. निवडणूक मात्र हरली. पुढे सरकारने पासपोर्टही नव्याने दिला नाही. बायकांच्या मताधिकारासाठी ती झगडत राहिली. देशाच्या उत्तर भागातल्या बायकांना तो १९७६ मध्ये मिळाला.

पुढच्याच वर्षी, १८ फेब्रुवारी १९७७ ला, सैनिकांनी लागोसमधल्या फेलाच्या घरावर हल्ला केला आणि शहात्तर वर्षांच्या या बाईला खिडकीतून खाली फेकलं. त्यातून ती सावरलीच नाही. एप्रिल १९७८ मध्ये गेली. तिच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी अबेओकुटातले बाजार बंद राहिले. सरकारी चौकशीने दोष कोणावर ठेवला ठाऊक आहे? ‘अज्ञात सैनिका’वर! इतक्या वर्षांनीसुद्धा हे लिहिताना माझा हात थरथरतोय, सुनंदा.

तुझी,
मीना