कंट्रोलमधलं जुळं

कराड, डिसेंबर

प्रिय दिल्या,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझी शुगर जिथे होती तिथेच आहे, गोळ्या चालू आहेत, विषय संपला. हे व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. मला अंगठा नको, उत्तर हवंय, आणि तेही पंधरा तारखेच्या आत. का ते सांगतो, पण मधे मधे भरकटणार. तुला सवय आहे.

पुण्याला डेव्हलपमेंटल बायोलॉजीची, म्हणजे आपल्या गर्भविज्ञानाची, विभागीय परिषद होती, दोन दिवसांची. शंभर-सव्वाशे माणसं, एकच हॉल, व्हरांड्यात पोस्टर. मला असल्या छोट्या परिषदाच आवडतात. मोठीत आपण मागच्या रांगेत बसून झूम करून स्लाइड वाचायच्या. इथे वक्ता चहाच्या रांगेत आपल्याच मागे उभा असतो आणि पोरं त्याला धरून बसतात. बाकी सगळं तेच. दीपप्रज्वलनाला वात पेटेना, सत्काराला नारळाऐवजी आता रोपटं देतात, आणि उद्घाटन लांबलं म्हणून पहिल्या शास्त्रीय व्याख्यानाची दहा मिनिटं कापली.

व्याख्यानं चांगली झाली. झेब्राफिशवर एक होतं. पारदर्शक गर्भ, चोवीस तासांच्या आसपास हृदय चालू, आणि एकेक पेशी कुठून कुठे सरकते त्याचा सिनेमा. बघत राहावं असं. पण गंमत बघ, हा मासा आपल्याच ओढ्या-नाल्यांतला, 1822 साली हॅमिल्टनने गंगेच्या माशांत नोंदवलेला. अमेरिकेला जाऊन मोठा झाला, आणि आता आपण त्याला ‘मॉडेल’ म्हणून परत आणतो. तुझ्या थोरल्या भावासारखंच. हायड्रावर, त्या डबक्यातल्या इवल्या नळीसारख्या जीवावरही, एक झालं. आपल्याकडच्या हायड्राचं आता ‘इंड-पुणे’ म्हणून वेगळं नाव आहे हे तुला माहीत नसेल. पेशी सुट्या करून गोळा केल्या तरी त्यांतून पुन्हा हायड्रा उभा राहतो. मंग्या शेजारी होता, म्हणाला, पुणेकर आहे, फोडला तरी मत बदलत नाही.

आता मुद्द्याचं. माझ्याबरोबर आमची कल्याणी होती, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. तिचा प्रकल्प तू न विचारताही सांगशील: अमुक वनस्पतीच्या अर्काचा कोंबडीच्या गर्भावर परिणाम. हसू नकोस. आमच्याकडे निम्मे प्रकल्प अर्काचेच असतात, कारण अर्क फुकट मिळतो आणि ‘परिणाम’ काही ना काही निघतोच. पण पोरगी हुशार आणि हाताने फार चांगली आहे. थर्माकोलचं खोकं, चाळीसचा बल्ब, थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी एवढ्यावर इनक्यूबेटर केलाय, आणि तो अडतीसला इमानाने उभा राहतो. अंडी चुलत्याकडची, गावठी. फिल्टर पेपरची रिंग बलकावरच्या पडद्यावर ठेवून, कडेने कापून, गर्भ अलगद उचलून अगार आणि अंड्याच्या पांढऱ्याच्या थाळीत उलटा ठेवायचा, ही नवी रीत ती व्हिडिओ बघून शिकली. आपण काचेच्या रिंगांत न्यू नावाच्या माणसाची जुनी रीत करताना पडदा फाटला की शिव्या द्यायचो ते आठव. तिचा फारसा फाटत नाही.

त्यातल्या एका थाळीत जुळं निघालं. दोन अक्ष, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन गर्भ, एकाच पेल्युसिडात (गर्भ घडतो त्या मधल्या पारदर्शक भागात), समोरासमोर, डोकी जवळजवळ भिडलेली आणि शेपट्या विरुद्ध कडांना. एकाला सोमाइटच्या (कण्याच्या दोन्ही बाजूंच्या ठोकळ्यांच्या) दहा जोड्या, दुसऱ्याला चार. हृदयाची नळी फक्त मोठ्याची, ती मधूनच थरथरायची आणि थांबायची. सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसला मोबाइल लावून तिने ते टिपलंय. मी बघितलं आणि माझ्या पाठीतून काय गेलं ते तुलाच कळेल.

आणि हे जुळं अर्काच्या थाळीत नाही, कंट्रोलमध्ये, म्हणजे अर्क न घातलेल्या थाळीत आहे!

पोस्टरवर परीक्षक आले. एकाने विचारलं, एन किती, म्हणजे असे नमुने किती? ती म्हणाली, एक. तो हसला, दुसरा हसला. मग पहिला म्हणाला, हे चित्र काढून टाक, लक्ष विचलित होतं. तेवढ्यात मागून काठीचा आवाज. आपले सर. मला वाटलं होतं ते फक्त उद्घाटनाला येऊन झोपतील आणि जेवून जातील. त्यांनी खिशातून भिंग काढलं (तेच, पितळी दांडीचं), चित्राला नाक लावलं, आणि बराच वेळ बघून एवढंच विचारलं: “पेल्युसिडा की ओपेका?” (ओपेका म्हणजे भोवतालची अपारदर्शक कड.) कल्याणी म्हणाली, पेल्युसिडा. सर माझ्याकडे वळले. “दिलीप काय म्हणतो?”

दिल्या, ते आमच्या घरचं लग्नही विसरलेत. मला दोनदा ‘जोशी’ म्हणाले. पण तुझं-माझं भांडण त्यांना ओपेका-पेल्युसिडासकट पाठ आहे.

त्या रात्री मंग्याकडे झोपलो, म्हणजे पडलो. सगळं परत उगाळलं. तीस वर्षांपूर्वी एका गर्भाचा हेन्सनचा नोड (अक्ष घडवणारी गाठ) कापून मी दुसऱ्या, यजमान गर्भाच्या कडेला, ओपेकात बसवला होता. दुसऱ्या दिवशी दुसरा अक्ष. मी म्हणालो, नोडने घडवला, वॅडिंग्टनला तीसच्या दशकात दिसलं तेच आपल्याला दिसलं. तू म्हणालास, नैसर्गिक जुळं आहे, तुझा नोड कधीच गळून पडला असेल. मी म्हणालो, जुळं नेमकं कलम केलेल्या गर्भातच कसं निघेल. तू म्हणालास, खूण कुठाय? ते तुझं बरोबर होतं, हे मी तेव्हाही मानलं होतं. हिल्डे मांगोल्डने बिनरंगी सॅलॅमँडरचा तुकडा रंगीत सॅलॅमँडरमध्ये बसवला म्हणून कुठला कोणाचा ते कळलं. 1924च्या त्या निबंधात दुहेरी अक्षाचे गर्भ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते, तरी जगाने मानलं, कारण खूण होती. (आणि निबंध छापून येतो न येतो तोच ती स्वयंपाकघरात भाजून गेली, पंचवीस-सव्विसाव्या वर्षी. नोबेल 1935 साली श्पेमानला. यावर सुलू अजून चिडते.) आपल्याला जपानी लावे पक्षी मिळाले असते तर ल दुआरँची रीत केली असती, केंद्रकं रंगवून लाव्याची पेशी कुठली आणि कोंबडीची कुठली ते ओळखलं असतं आणि प्रश्न मिटला असता. नाही मिळाले. फोटो काढला असता तर निदान जागा तरी कळली असती, पण कॅमेऱ्यातला रोल कोणी आणि सिंहगडावर कोणाचे फोटो काढून संपवला होता, ते मी इथे लिहीत नाही. वहिनी पत्र वाचतील.

आणि नमुना, स्लाइड करताना, झायलॉलमध्ये तूच घालवलास. असो.

तर आता माझी पंचाईत ऐक. कल्याणीला अर्क सोडून जुळ्याच्या मागे लागायचंय. शीर्षक बदलायची शेवटची तारीख पंधरा. माझी सही लागते.

संशयित तीन. पहिला, रिंग. ती ठेवताना पडदा ताणला गेला असेल. थाळी लावताना तिने वहीत ‘स्ट्रीक (अक्षाची पहिली रेघ) अस्पष्ट’ एवढंच लिहिलंय, म्हणजे तेव्हा एक होती की दोन ते कळायला मार्ग नाही, पण इतका कोवळा गर्भ असेल तर ताणामुळे दुभंगणं अशक्य नाही. स्प्रॅट आणि हास यांनी न उबवलेल्या अंड्यातली गर्भाची चकती कापून दाखवलंच होतं की तुकड्यातुकड्यातून अख्खा गर्भ उभा राहतो. दुसरा संशयित, लाईट. अंडी ठेवली त्या रात्री लाईट गेली होती, खोकं थंड पडलं. स्टॉकार्डने 1921 साली माशांच्या अंड्यांवर हेच सांगितलं की वाढ अगदी सुरुवातीला थंडीने किंवा प्राणवायू तोडून थांबवली की जुळी आणि जोडगर्भ जास्त निघतात. म्हणजे कराडच्या लोडशेडिंगने एखादं मूलभूत संशोधन केलं असण्याची शक्यता आहे. तिसरा संशयित, चुलत्याची कोंबडी. एखाद्या वाणात हे जास्त होत असेल.

तिन्ही गोष्टी तपासता येतात, आणि म्हणूनच मला झोप नाही. तपासता येत नसत्या तर मी तिला सरळ ‘अर्क कर, पास हो’ म्हटलं असतं. मुद्दाम थंड केलेली अंडी एका बाजूला, न केलेली दुसऱ्या बाजूला, रिंगवाली आणि बिनरिंगची, त्या कोंबडीची आणि हॅचरीची. खर्च अंड्यांचा. पण जुळं दुर्मीळ असतं. मार्चपर्यंत शेकडो अंडी फोडून तिच्या हातात शून्य आलं तर? बाहेरचा परीक्षक विचारेल, निष्कर्ष काय? वडील वर्षभर म्हणतायत बी.एड. कर. बघायला येणारे चालू आहेत. सीएचबीवर तासाच्या हिशोबाने शिकवणारी आमची पोरं किती मिळवतात ते तुला सांगून लाजवत नाही. आमचे विभागप्रमुख म्हणतात अर्कावर पेपर निघेल. निघेलच, पैसे भरले की आठवड्यात निघतो. एका संस्थेतल्या बाईंनी मात्र पोस्टरपाशी तिला कार्ड दिलं, म्हणाल्या, मे महिन्यात ये, आमच्याकडे रंग भरून पेशींचा माग काढता येतो. पैशाचं त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

सुलू म्हणते, तू तिला सांगत नाहीयेस, स्वतःला सांगतोयस. बायकांना हे एक वाक्य कोण शिकवतं कोण जाणे. मी म्हटलं, मला जुळ्याचं कुतूहल आहे म्हणून काय तिला असू नये? यावर दोन दिवस अबोला.

आता तुझं काम. ती निळ्या पुठ्ठ्याची वही तुझ्याकडे आहे. ‘अर्धी मी लिहिलीय’ म्हणून हैदराबादला घेऊन गेलास. तिच्यात तू कॅमेरा ल्युसिडावर (सूक्ष्मदर्शकातलं गिरवायच्या साधनावर) काढलेलं चित्र आहे. मला खात्री आहे की दुसरा अक्ष ओपेकात, कडेला, मुख्य अक्षाला जवळजवळ काटकोनात होता. तू आजवर म्हणत आलास की पेल्युसिडात, समोरासमोर. चित्र बघ. मग त्या पानावर अंडी कुठली लिहिलीयत तेही बघ, कारण मला आठवतं त्या आठवड्यात हॅचरीची गाडी आली नव्हती आणि तू पौडच्या मावशीकडून टोपलीभर गावठी अंडी आणली होतीस.

माझी गोची लक्षात आली ना? चित्रात ओपेका निघाला तर मी जिंकलो, पण कल्याणीचं जुळं एकटं पडलं. पेल्युसिडा निघाला आणि अंडी पौडची असली, तर तू जिंकलास, आणि तिच्या तिसऱ्या संशयिताला थोडं वजन आलं. दोन जुळी म्हणजे पुरावा नव्हे हे मला कळतं, मधे तीस वर्षं आणि शंभर मैल आहेत हेही कळतं. पण परवानगी देणाऱ्या माणसाला कधी कधी पुरावा नको असतो, नुसता टेकू हवा असतो. आयुष्यात पहिल्यांदा तू बरोबर निघावंस असं मला वाटतंय. फार चढू नकोस. आणि मुख्य म्हणजे माझं मन राखायला किंवा मला खिजवायला खोटं सांगू नकोस. नुसतं कळवू नकोस, पानाचा फोटो पाठव.

तुझ्या बढतीचं मंग्याकडून कळलं, अभिनंदन. वहिनींचा गुडघा कसा आहे? जिना बंद ठेवा म्हणावं. चिन्मयीचं ठरलं का, की अजून ‘बघू’? बाबांची बातमी कळली तेव्हा फोन केला होता, तू उचलला नाहीस, पुढे राहून गेलं. कोल्हापूरला कधी येतोस? आलास की कराडलाही ये.

एक मात्र नीट सांग. तुमच्याकडे लशीसाठी दहा-अकरा दिवसांची अंडी रोज दिव्यावर तपासतात, आणि तू इतकी वर्षं गर्भाची अंडी हाताळून गर्भाकडे कधी ढुंकून पाहिलं नाहीस असा माझा जुना आरोप आहे. तो बाजूला ठेव. तपासणाऱ्या पोरांना विचार: दिव्यावर कधी एका अंड्यात दोन गर्भ दिसलेत का? दोन बलक नव्हे, एका बलकावर दोन. दिसले असतील तर ते अंडं टाकून दिल्याची नोंद कुठे होते का, आणि कोणत्या फार्मचं ते लिहितात का? लिहीत असतील तर पोरीचं निम्मं काम तुमच्या कचऱ्याच्या डब्यात आधीच झालेलं आहे. सर्वांना नमस्कार, चिन्मयीला आशीर्वाद.

तुझा,
अव्या

ता. क. सरांना फोन कर. सध्या ऐकू कमी येतं, सकाळी नऊच्या आत कर, आणि पहिल्याच वाक्यात ‘पेल्युसिडा’ म्हण, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल त्यांना.